पांग

मराठीत 'मी' म्हणणे फार सोपे आहे. राजाने म्हणावे, रंकाने म्हणावे, आजोबांनी म्हणावे, नातवाने म्हणावे. 'मी' आपला एकच. व्हिएतनामी भाषेत हा लाडका शब्द इतका स्वस्त नाही. परक्यांशी बोलताना वापरायचा एक 'मी' त्यांच्याकडे आहे, 'तोय'. पण त्याचाही मूळ अर्थ 'सेवक'. घरात तो चालत नाही. आईवडिलांपुढे माणूस स्वतःला 'कॉन', म्हणजे 'लेकरू' म्हणतो. 'मला भूक लागली' म्हणायचे नाही. 'लेकराला भूक लागली' म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी हे लेकरूपण सुटत नाही. तोच माणूस धाकट्या भावाशी बोलताना 'दादा' होतो आणि पुतण्याशी बोलताना 'काका'. समोर कोण आहे हे कळल्याखेरीज आपण कोण, हे ठरतच नाही म्हणा ना!

हे व्याकरण मला कोणा पंडिताने नव्हे, तर नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने शिकवले. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी कॅलिफोर्नियात, सॅन होझेला, धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहिले होते. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे तिथे आपली मराठी मंडळी बरीच आहेत. पण व्हिएतनामी वस्ती त्याहून कितीतरी मोठी, लाखाच्या वर. बहिणीचे शेजारी त्यांतलेच. पहिल्याच भेटीत तिथल्या आजीबाईंनी नातीकरवी मला प्रश्न विचारला, तो माझ्या वयाचा! मी जरा दचकलेच. नात हसून म्हणाली, "राग मानू नका. वय कळल्याशिवाय तुम्हांला हाक कशी मारायची?" वय झाले, नोकरी झाली, आणि मी 'को' ठरले. 'को' म्हणजे आत्या. शाळेतल्या बाईंनाही तोच शब्द. इकडे मुलांच्या तोंडी आम्ही नुसत्या 'मॅडम'. तिकडे एका क्षणात मी घरची आत्या झाले.

त्यांच्या दिवाणखान्यात एका उंच फळीवर आजोबांचा फोटो होता. पुढे उदबत्ती, दोनचार संत्री. आजोबा दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले आणि त्यांची रवानगी 'पुनर्शिक्षणाच्या' छावणीत झाली. नाव शाळेचे, काम तुरुंगाचे. त्या साली सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत पोचले. पुढच्या वीस वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसे होड्यांतून निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांना लागली, आणि किती समुद्रातच राहिली. छावणीत तीन किंवा अधिक वर्षे काढलेल्यांना अमेरिकेत नेण्याचा करार १९८९ साली झाला. त्याच वाटेने हे कुटुंब १९९३ साली आले. मुलीची आई तेव्हा वीस वर्षांची होती. इंग्रजी येत नव्हते, म्हणून ती नखे रंगवण्याच्या दुकानात लागली.

या धंद्याची गोष्टही मौजेची आहे. 'द बर्ड्स' चित्रपटातली नटी टिप्पी हेड्रन १९७५ साली सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासितांच्या छावणीत जात असे. तिथल्या बायकांना तिची नखे फार आवडली. तिने त्यांतल्या वीसजणींना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली. आज कॅलिफोर्नियात या धंद्यावर व्हिएतनामी बायकांचेच राज्य आहे. राज्य म्हणायचे खरे. दिवसभर मान खाली घालून दुसऱ्याचे हात-पाय हाती धरायचे, नाकात औषधांचा उग्र वास, आणि मनात एकच हिशेब: मुलगी डॉक्टर होईल.

मुलगी नर्स व्हायला निघाली. "मग तीस वर्षं मी लोकांची नखं कशाला घासली?" आई म्हणाली आणि घरात अबोला सुरू झाला.

मुलीचे कारण फळीवरच्या फोटोत होते. ती नऊ वर्षांची असताना आजोबा आजारी पडले. घरात चांगले इंग्रजी फक्त तिला येत होते. इस्पितळातला दुभाष्या यायला वेळ होता, म्हणून डॉक्टर तिच्याशीच बोलले. तीन-चार महिने उरले आहेत, असे त्यांनी सांगितले. तिने आजोबांकडे पाहिले आणि म्हणाली, "औषधांनी बरं वाटेल म्हणतात." त्या घरात लेकराने वडीलधाऱ्यांना मरणाची वार्ता कशी द्यावी? 'कॉन' म्हणून सुरुवात केल्यावर ते वाक्य पुरे करणे शक्यच नव्हते. "डॉक्टर दोन मिनिटं येतात," ती मला म्हणाली, "नर्स रात्रभर असते. त्या खाटेपाशी आमची भाषा येणारं मोठं माणूस असायला हवं."

आपल्याकडे 'आईवडिलांचे पांग फेडणे' म्हणतात. ते कोणत्या नाण्यात फेडायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. सॅन होझेतच वाढलेला लेखक व्हिएत थान न्गुयेन १९७५ साली, वयाच्या चौथ्या वर्षी, निर्वासित म्हणून आला. आईवडिलांनी या गावात किराणा दुकान काढले. नाव ठेवले 'नवे सायगॉन'. एका नाताळच्या आदल्या दिवशी दुकानावर दरोडा पडला. दोघांना गोळ्या लागल्या. सुदैवाने दोघे वाचले. थोरला मुलगा डॉक्टर झाला. धाकटाही डॉक्टर झाला, पण इंग्रजी वाङ्मयाचा! त्याच्या 'द सिंपथायझर' या कादंबरीला २०१६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्या दुकानाची हकीकत त्याच्याच लेखणीमुळे आज माझ्यासारखीला ठाऊक आहे. कवी ओशन व्हुआंगची आईदेखील नखांच्या दुकानात राबली. त्याची २०१९ सालची कादंबरी म्हणजे वाचता न येणाऱ्या आईला मुलाने लिहिलेले पत्र आहे. पांग फेडण्याची ही रीत आईला कळली नाही, तर ती फिटली म्हणायची का?

शेवटच्या आठवड्यात त्या माउलीने मला चहाला बोलावले. "को, तुम्ही शिक्षिका. हिला समजवा." आत्यापणाची किंमत अशी मोजावी लागते! गंमत म्हणजे आईचे गाऱ्हाणे इंग्रजीत सांगणारी मुलगीच, आणि माझे उत्तर आईला सांगणारीही तीच. मी म्हटले, "तुम्ही मान खाली घालून काम केलंत, म्हणून तिला कुणाच्या खाटेपाशी ताठ उभं राहावंसं वाटतं. नाहीतर हे तिला सुचलं असतं का?" मुलगी थोडी थांबली आणि मग तिने भाषांतर केले. त्यातला 'कॉन' हा एकच शब्द मला ओळखू आला. तो तीनदा आला. माझ्या वाक्यात तो एकदाही नव्हता.

आई काही बोलली नाही. तिने माझा रिकामा कप भरला. मी परतले तोवर अबोला पुरता सुटला नव्हता. फी मात्र आईच भरत होती.