शेवाळी भिंत

घर सजविणें म्हणजे बाजारांतील शोभेच्या वस्तूंनीं तें भरून टाकणें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु घरांत शिरल्याबरोबर दृष्टि पडते ती भिंतींवर. त्यांचा रंग निवडणें ही नुसती हौसेची बाब नव्हे. त्या खोलींत कोण राहणार आहे, हा विचार प्रथम झाला पाहिजे.

आमच्या घरीं गतवर्षीं हा प्रश्न उपस्थित झाला. माझ्या वृद्ध वडिलांची दृष्टि काचबिंदूनें बरीच अधू झाली आहे. त्यांची खोली पश्चिमेकडील. दुपार टळली कीं पांढऱ्या भिंतीवरून परतणारें ऊन त्यांना असह्य होई. मुलांना झळझळीत पोपटी रंग हवा होता, आईला नेहमींचा पांढरा. बऱ्याच चर्चेनंतर आम्हीं मातकट झांक असलेला, चकाकी नसलेला शेवाळी रंग पसंत केला. खोली अंधारी होऊं नये, म्हणून छत मात्र पांढरेंच ठेविलें.

हिरव्या रंगांत थोडी तांबडी काव मिसळली कीं त्याचा भडकपणा उतरतो. कारण हे दोन विरुद्ध रंग एकमेकांचें तेज कमी करितात. निसर्गांत तर असा रंग तयारच सांपडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हिरवी माती मिळते, आणि अशाच मातीचा हिरवा रंग अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत आहे. सुमारें १५०० वर्षें लोटलीं, तरी तो टिकून आहे. उलट, १७७५ सालीं स्वीडन देशांत शेले नामक रसायनशास्त्रज्ञानें तांबें व सोमल यांपासून एक तेजस्वी हिरवा रंग बनविला. एकोणिसाव्या शतकांत यूरोपमध्यें भिंतींना चिकटवावयाच्या कागदांत तसले रंग सर्रास वापरले गेले. आणि दमट जागीं बुरशी धरली असतां त्यांतून विषारी वायु निघतो, असें पुढें आढळून आलें. डोळ्यांस भुलविणारें सर्वच हितकर नसतें!

आमच्या शेवाळी भिंतीपासून एक लाभ असा झाला, कीं जो कोणाच्या ध्यानींमनींही नव्हता. आई बहुधा पांढरें लुगडें नेसते. पूर्वीं ती पांढऱ्या भिंतीपुढें उभी राहिली, तर वडिलांना दिसतच नसे. आवाजावरून ओळखावें लागे. आतां ती खोलींत येतांच, "आलीस का?" असें ते आपण होऊन विचारतात.

विद्यार्थिमित्रांनो आणि पालकहो, रंग घेतांना दुकानांतील नमुन्याच्या कागदावर विसंबूं नका. भिंतीच्या हातभर जागेवर तो लावा. सकाळीं, दुपारीं व दिवे लागल्यावर न्याहाळा. पिवळ्या दिव्याखालीं शेवाळी रंग तपकिरीकडे झुकतो. आणि त्या खोलींत जो अधिक काळ बसणार असेल, त्याला तेथें बसवून विचारा. पाहुण्यांची वाहवा घटकाभराची. घरच्या माणसाला त्या भिंतींशीं वर्षानुवर्षें राहावयाचें असतें.