कोरड्या विजांचें गांव

ऑगस्ट महिना म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद. या दिवसांत आकाशांत ढग आले तर आपल्या माणसास वाईट वाटत नाहीं. फार तर वाळत घातलेले कपडे आंत घेण्याची धांदल उडते, इतकेंच. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ऑरेगन नांवाच्या संस्थानाच्या मध्यभागीं, बेंड म्हणून एक शहर आहे. तेथें ह्याच महिन्यांत दुपारीं तीन-चारच्या सुमारास दक्षिणेकडून काळे ढग चढूं लागले कीं लोक घराबाहेर येऊन त्यांजकडे पाहतात, आणि तें पाहणें सुखाचें नसतें. ढगांच्या पोटांतून पावसाच्या करड्या झालरी लोंबतांना स्पष्ट दिसतात. पण त्या जमिनीपर्यंत पोंचत नाहींत. खालची हवा इतकी कोरडी असते कीं थेंब वाटेंतच विरून जातात. वीज मात्र विरत नाहीं. ती खालीं येते, आणि जेथें पडते तेथलें रान दोन-अडीच महिने धड पाऊस न पाहिलेलें असतें.

आमचे एक निकटचे आप्त नोकरीनिमित्त तेथें राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं एक ऑगस्ट महिना त्यांच्या घरीं काढला. वणवा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती दूर डोंगरावर रात्रीं दिसणारी तांबडी माळ. तेथें तो घराच्या पन्हळींतून आंत येतो. तें सर्व पाहिल्यावर त्या गांवाविषयीं चार गोष्टी वाचकांस सांगाव्या असें वाटूं लागलें.

बेंडची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट, म्हणजे पांचगणीहून कांहींशी कमी. पश्चिमेस कॅस्केड पर्वताची बर्फाळ रांग आहे आणि तींत 'तीन बहिणी' या नांवाचीं तीन शिखरें शेजारी शेजारी उभीं आहेत; त्यांतील सर्वांत उंच बहीण १०,३५८ फुटांची. पॅसिफिक महासागरावरून येणारें बाष्प बहुतेक पर्वताच्या पलीकडील उतारावरच रितें होतें. तिकडे वर्षास सत्तर-ऐंशी इंचांपर्यंत पाऊस-बर्फ पडतें, आणि रांग ओलांडून इकडे बेंडला आलें कीं जेमतेम अकरा-बारा इंच. महाबळेश्वर आणि माणदेश हे दोन्ही ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. फरक आहे तो ऋतूंचा. तेथें जें कांहीं पडावयाचें तें बहुतेक हिवाळ्यांत, बर्फाच्या रूपानें. जून संपला कीं सप्टेंबर बराचसा उलटेपर्यंत आकाश निळेंच्या निळें. आपला उन्हाळा पावसानें संपतो. त्यांच्या उन्हाळ्यास असा कोणी आवरणारा नाहीं.

या मुलुखास तेथील लोक उंचावरचें वाळवंट म्हणतात. पण वाळूच्या टेकड्या आणि उंट असें चित्र कोणी मनाशीं बांधील तर त्याची निराशा होईल. शहराच्या पूर्वेस मैलोगणती सेजब्रश नांवाचीं करड्या-हिरव्या रंगाचीं झुडपें पसरलेलीं आहेत. तीं आपल्या दवण्याच्याच कुळांतलीं. चार पानें हातांत चुरगळलीं असतां जो उग्र वास आला त्यानें आमच्या मंडळींस एकदम चैत्राची आठवण झाली. मधून मधून ज्युनिपरचे पिळवटलेले वृक्ष दिसतात. पश्चिमेस मात्र पर्वताच्या पायथ्यापर्यंत पाँडरोसा पाइनचें, म्हणजे एका जातीच्या सरळसोट देवदारासारख्या झाडांचें, अरण्य आहे, आणि शहराचा अर्धा भाग त्या अरण्यांत शिरला आहे. जमीन ज्वालामुखीची. भर गांवांतच पायलट ब्यूट नांवाची एक लहानशी टेकडी आहे, तीही एक विझलेला ज्वालामुखीच. दर ४ जुलैस, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, तिच्या माथ्यावरून दारूकाम सोडण्याची पुष्कळ वर्षांची रीत. त्यानें टेकडीचें वाळलेलें गवत अनेकदां पेटलें आहे आणि खालीं सज्ज उभ्या असलेल्या बंबवाल्यांनीं तें विझविलें आहे. आगीला इतकें भिणाऱ्या गांवास ही हौस सुटत नाहीं, याची आम्हांस मौज वाटली.

हवा दिसावयास फार गोड. दुपारीं ८२-८३ अंश फॅरनहाइट, पहाटे ४५-४६. रात्रीं रजई लागते. दोरीवर घातलेलें धोतर तासाभरांत खडखडीत वाळतें. पापड-कुरडयांस याहून उत्तम हवा सापडावयाची नाहीं, असा निकाल आमच्या मंडळींनीं पहिल्याच दिवशीं देऊन टाकला. परंतु जी हवा पापड वाळवते तीच काटक्याही वाळवते. तेथील वनखात्याचे लोक लाकडाच्या जाडीप्रमाणें त्याच्या कोरडेपणाचा हिशेब ठेवतात: गवत आणि बारीक काडी तासाभरांत हवेसारखी होते, तर मनगटाहून जाड ओंडका सुकावयास आठवडेच्या आठवडे लागतात. ऑगस्ट अखेर हे जाड ओंडकेही इतके सुकलेले असतात कीं भट्टींत वाळवून विकावयास ठेवलेल्या इमारती लाकडांत त्यांच्याहून अधिक ओल निघावी. मग एक ठिणगी पुरते.

येथवर ऐकून वाचकांस वाटेल कीं आग हा त्या अरण्याचा जन्माचा शत्रु असावा. खरी हकीकत अगदीं उलटी आहे. जुन्या पाँडरोसाची साल तांबूस-पिवळी, कोडीं जुळवून बसवावीं तशी तुकड्यातुकड्यांची आणि जाड असते. उन्हांत तापली कीं तिला व्हॅनिलासारखा मंद वास येतो. ही साल म्हणजे झाडाचें चिलखत. झाड वाढतांना खालच्या फांद्या आपोआप गळतात, म्हणजे जमिनीवरच्या ज्वाळेस वर चढावयास पायरी उरत नाहीं. तोडलेल्या जुन्या झाडांचीं वर्तुळें शास्त्रज्ञांनीं तपासलीं तेव्हां त्यांत जळाल्याचे व्रण ओळीनें सांपडले. त्यांवरून असें दिसतें कीं पूर्वीं या रानांतून साधारण दहा-वीस वर्षांनीं एकदां आग जात असे. ती गुडघाभर उंचीची, सरपटत जाणारी; सुया, काटक्या, लहान रोपें खाऊन पुढें सरकणारी. मोठीं झाडें तशींच उभीं राहत. कांहीं आगी विजेनें लागत, तर कांहीं त्या भूमीचे मूळ रहिवासी मुद्दाम लावीत. हकलबेरी नांवाच्या रानफळांचीं झुडपें पुन्हां जोमानें फुटावीं, शिकारीस रान मोकळें राहावें, हे त्यांचे हेतु असत. कोंकणांत भाताच्या वाफ्यावर राब भाजणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हें शास्त्र कोणी नव्यानें शिकवावयास नको. १८५५ च्या तहानें या लोकांस वॉर्म स्प्रिंग्स येथील राखीव जमिनींत जावें लागलें, आणि त्यांच्याबरोबर त्यांची आगही रानांतून गेली.

पुढें १९१० सालीं आयडाहो आणि मॉन्टाना या संस्थानांत दोन दिवसांत सुमारें तीस लाख एकर अरण्य जळालें व ऐंशीच्या वर माणसें मेलीं. नव्यानें निघालेल्या वनखात्यानें त्याचा असा धसका घेतला कीं आग म्हणून उरूं द्यावयाचीच नाहीं असें धोरण ठरलें. १९३५ मध्यें तर फर्मान निघालें कीं आज दिसलेली आग उद्यां सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे. बेंडमध्येंही १९११ सालीं आगगाडी आली आणि १९१६ सालीं डेशूट्स नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन प्रचंड लाकूड गिरण्या सुरू झाल्या. त्यांनीं जुनीं, जाड सालीचीं झाडें कापून नेलीं. मागें दाट, बारीक, एकमेकांस चिकटलेलीं पोरकीं झाडें वाढलीं, आणि खालीं सुयांचा थर वर्षानुवर्षें सांचत गेला. आग विझविणाऱ्यांचें शौर्य खोटें नव्हतें; पण त्यांनीं प्रत्येक वर्षीं जिंकलेली लढाई पुढच्या पिढीच्या नांवावर कर्ज म्हणून मांडली जात होती.

गिरण्या आतां राहिल्या नाहींत. त्यांचीं तीन उंच धुराडीं तेवढीं उभीं असून त्यांच्या पायाशीं दुकानें आणि उपाहारगृहें थाटलीं आहेत. परंतु गांव ओस पडण्याऐवजीं फुगलें. १९९० च्या खानेसुमारींत तेथें सुमारें वीस हजार माणसें होतीं. २०२० मध्यें ती संख्या ९९ हजारांवर गेली. नवीं घरें कोठें बांधावयाचीं? ज्याला त्याला झाडांच्या सावलींत, खिडकींतून बर्फाचीं शिखरें दिसतील असें घर पाहिजे. आमच्या आप्तांनींही तसेंच घेतलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर तें फार रमणीय आहे.

कर्जाची पहिली वसुली ४ ऑगस्ट १९९० रोजीं झाली. शहराच्या पश्चिमेस ऑब्री हॉलजवळ लागलेल्या आगीनें एका संध्याकाळांत २२ घरें खाल्लीं. १९९६ च्या ऑगस्टांत पूर्व बाजूस स्केलेटन आगीनें सतरा हजारांहून अधिक एकर रान आणि आणखी कित्येक घरें जाळलीं. त्या दोन आगींनंतर गांवकऱ्यांस एक गोष्ट कळली: घरें बहुधा समोरून येणाऱ्या ज्वाळेनें पेटत नाहींत. वाऱ्यानें अर्धा-एक मैल पुढें उडत येणारे निखारे पन्हळींतील वाळक्या सुयांत, लाकडी छपराच्या फटींत किंवा भिंतीलगतच्या झुडपांत पडतात आणि घर आंतून धुमसूं लागतें. म्हणून तेथें वसंतांत पन्हळी साफ करणें, भिंतीपासून पांच फूट जागा उघडी ठेवणें आणि अंगणांतील सुया दंताळ्यानें ओढून काढणें हीं घरच्या कर्त्या माणसाचीं नेमानें करावयाचीं कामें होऊन बसलीं आहेत. तो केर वर्षांतून कांहीं दिवस फुकट घेण्याची सार्वजनिक व्यवस्थाही आहे.

आम्ही असतांना एका संध्याकाळीं तसे कोरडे ढग आले. तासभर विजा चमकत होत्या. अंगणांत चार थेंब पडले ते मोजतां यावे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लाव्हा ब्यूटवर गेलों. या काळ्याशार टेकडीच्या माथ्यावर टेहळणीची खोली असून उन्हाळाभर तींत मनुष्य बसलेला असतो. वीज झाडांत शिरून दोन दोन दिवस धुमसत राहते आणि मग एकाएकीं धूर वर येतो, म्हणून वादळानंतरचे दिवस त्याच्या दृष्टीनें अधिक जागरणाचे. जवळच्या रेडमंड गांवीं विमानतळावर पॅराशूटनें रानांत उडी घेऊन आग विझविणाऱ्या जवानांचें ठाणें आहे. त्या दिवशीं दुपारपर्यंत डोंगरांत दोन बारीक धूर दिसले, विमानें जाऊन आलीं, आणि संध्याकाळीं ते दिसेनासे झाले. आमच्याशिवाय कोणाच्या बोलण्यांतही तो विषय आला नाहीं.

बोलण्यांत आला नाहीं, तरी घरांत होता. आप्तांच्या घरीं दाराशेजारीं जुलैपासून एक पिशवी भरून ठेवलेली असते. तींत पासपोर्ट आणि घराचे कागद, सासूबाईंचीं औषधें, मुलांचे दोन दोन कपडे, आणि मऊ फडक्यांत गुंडाळलेला पितळी डबा. पूजा झाली कीं सूनबाई देव परत डब्यांत ठेवतात; देव्हारा उन्हाळाभर रिकामाच. सरकारी सूचनेच्या तीन पायऱ्या तेथल्या लहान मुलांसही पाठ आहेत: पहिली 'तयार रहा', दुसरी 'सज्ज रहा', तिसरी 'आतां निघा'. तिसरी आल्यावर कांहीं शोधावयास वेळ मिळत नाहीं, असें सूनबाईंनीं अगदीं सहज, चहा गाळतां गाळतां सांगितलें.

आगीहून नित्याचा त्रास धुराचा. रात्रीं थंड हवेबरोबर धूर खोलगट भागांत उतरून बसतो. सकाळीं सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसतो, आणि दुपारीं वारा सुटला म्हणजे तो थोडा हलतो. २०१७ मध्यें जवळच्या सिस्टर्स गांवचा गाण्याचा वार्षिक उत्सव धुरामुळें रद्द करावा लागला. सप्टेंबर २०२० मध्यें तर पूर्वेच्या सोसाट्याच्या वाऱ्यानें पर्वताच्या पश्चिम उतारावर गांवेंच्या गांवें जळालीं, ऑरेगनमध्यें दहा लाखांहून अधिक एकर जमीन भाजली, आणि बेंडच्या हवेचा दूषितपणा मोजण्याचें ५०० अंकांचें कोष्टकच अपुरें पडलें. त्या दिवसांत दारांच्या फटींत ओले पंचे कोंबून सर्व कुटुंब एका खोलींत बसलें होतें, असें आप्त सांगत होते. २०२५ च्या ऑगस्टांत सिस्टर्सच्या उत्तरेस पुन्हां सुमारें तेवीस हजार एकर जळालें आणि हजारों लोकांस घरें सोडण्याची सूचना निघाली.

विमा कंपन्यांनीं कित्येकांचे विमे पुढें चालविण्यास नकार दिला आहे. संस्थान सरकारनें कोणाची जमीन किती धोक्याची हें दाखविणारा नकाशा काढला होता. त्यावर जमीनमालकांनीं असें काहूर उठविलें कीं २०२५ मध्यें तो कायद्यानेंच रद्द करावा लागला. नकाशा गेला, रान आहे तेथेंच आहे.

एक उपाय मात्र सर्व जाणते सांगतात, आणि तो जुनाच आहे. वसंतांत, जमिनींत बर्फाची ओल असतांना, वनखात्याचे लोक वारा पाहून, माणसें उभीं करून, थोडें थोडें रान स्वतःच जाळतात. त्याचाही धूर गांवांत येतो आणि तक्रारी होतात. दम्याचें मूल ज्या घरीं आहे त्यांची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं. ऑगस्टांतला महिनाभराचा धूर नको असेल तर मेमधला दोन दिवसांचा सोसावा लागेल, असें आप्तांचे शेजारी, लाकूड गिरणींत जन्म गेलेले एक वृद्ध गृहस्थ, कुंपणावरून आम्हांस सांगत होते. त्यांनींच आम्हांस पश्चिमेकडील रानांत तसा जाळलेला एक पट्टा दाखवावयास नेलें. बुंधे पुरुषभर उंचीपर्यंत काळे पडले होते, वर शेंडे हिरवेगार. खालीं जमीन मोकळी, तींत गवताचे झुबके, आणि झाडांमधून दूरवर ऊन दिसत होतें. वाटेच्या दुसऱ्या बाजूस न जाळलेलें रान होतें. तें इतकें दाट कीं दहा पावलांपलीकडे नजर पोंचत नव्हती; पायाखालीं सुयांचा थर गादीसारखा दबत होता. त्या दाटींतच आंखणी करून, तांबड्या फिती बांधलेल्या खुंट्या मारून ठेवल्या होत्या. तेथें चौदा घरें व्हावयाचीं आहेत, असें वृद्ध गृहस्थ म्हणाले. नऊ विकलीं गेलीं होतीं.