सोळा जणांची सहल आणि एक गुण

गेल्या हिवाळ्यात वसई-विरारमधल्या आम्ही सोळा जणांनी बडोद्याला जाऊन दोन दिवस गोल्फ खेळले. खर्चाबद्दल कोणी कुरकुर केली नाही. कुरकुर झाली ती एका गुणावरून, आणि ती अजून मिटलेली नाही. ‘बेताच्या खर्चात, कच्च्या-पक्क्या सगळ्यांना घेऊन गोल्फची सहल कशी आखावी ते लिहा, पण आमच्या वाचकांना कळेल असे लिहा,’ असे संपादकांनी कळवले तेव्हा मला आधी तो गुणच आठवला. मुंबईतल्या एका क्लबात मी अनेक वर्षे हँडिकॅप समितीचे काम केले आहे. आकडेमोड टाळायचे ठरवले तरी ती येणारच. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, तेव्हा त्याची सहल स्वस्तात कशी होणार, असे मला नेहमी विचारतात. आमच्या गटात कोण आहेत ते सांगते. जहाजावरची नोकरी संपवून परतलेले, आखातात उमेदीची वर्षे काढलेले, विमान कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडून खेळ शिकलेल्या मुली-सुना, आणि निर्मळचे एक शिक्षक, ज्यांनी साठीनंतर पहिल्यांदा क्लब हातात धरला. यातला एकही माणूस श्रीमंत म्हणावा असा नाही. जुने क्लब विकत मिळतात, चेंडूही जुने मिळतात. महाग आहे ते मैदानात शिरणे. विलिंग्डन क्लब १९१८चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७चा. पण तिथे सदस्य असावे लागते किंवा सदस्याचा पाहुणा म्हणून जावे लागते. वसई-विरारला तर अठरा होलचे मैदानच नाही. सिडकोने खारघरला डोंगरांच्या कुशीत मैदान उभारले, आणि तिथे सदस्य नसलेला माणूसही पैसे भरून खेळू शकतो. या गोष्टीचे व्हावे तेवढे कौतुक झालेले नाही. नाशिकमध्ये ज्या मैदानावर रणजीचे सामने होतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. नाव टिकले, खेळ गेला. मोकळ्या जमिनी अशाच हातच्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.

खारघरला आम्ही एका दिवसात जाऊन येतो. घोडबंदर रस्ता भरण्याआधी, अंधारातच निघावे लागते. मुक्कामाची सहल काढायची तर मी बडोदे सुचवते. लक्ष्मीविलास राजवाडा १८९०चा. त्याच्या आवारात महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करवून घेतले. त्यांचे नातू समरजितसिंह स्वतः रणजी खेळलेले. त्यांनी १९९०च्या दशकात ते मैदान नव्याने घडवले आणि बाहेरच्या लोकांसाठी खुले केले. मराठी घराण्याच्या अंगणात, राजवाड्याच्या मनोऱ्याकडे तोंड करून फटका मारायचा, याचा आमच्या मंडळींना केवढा आनंद झाला! बरोबर आलेल्या न खेळणाऱ्या माणसांचीही सोय होते. त्याच आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे आणि तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. सहल परवडणारी करायची तर न खेळणाऱ्यांचा दिवस कसा जाईल हेही आधी बघावे लागते, कारण त्यांच्यासाठी ऐन वेळी केलेली वेगळी गाडी-घोडी हिशेब बिघडवतात.

जायचे ते रेल्वेने. वसई रोड किंवा बोरिवलीहून थेट गाड्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. एप्रिल-मेमध्ये बडोद्याच्या उन्हात अठरा होल चालणे वयस्कांना झेपत नाही. आठवड्यातले मधले दिवस घ्यावेत, कारण शनिवार-रविवारी मैदानाचे शुल्क सगळीकडेच जास्त असते. क्लबची पूर्ण पिशवी गाडीत चढवताना जीव मेटाकुटीला येतो. नियमाने चौदापेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत, पण कमीत कमी किती असावेत याला नियम नाही. नवख्याला सात पुरतात. जोडीने खेळायच्या स्पर्धेत तर दोघांचे मिळून चौदाच्या आत क्लब असतील तर ते एकमेकांचे वापरू शकतात. हे फार थोड्यांना ठाऊक असते आणि लोक भाड्याच्या संचावर उगाच पैसे घालवतात.

एका ठिकाणी मात्र पैसे वाचवू नका: कॅडी. नवशिक्याला वाटते, पिशवी तर मी ओढेन, मग कॅडी कशाला? कॅडी चेंडूवर डोळा ठेवतो, हिरवळीचा उतार सांगतो, कुठून मारायचे नाही ते सांगतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच मोठा झाला. कॅडीची मजुरी घासाघीस करून कमी करणारे लोक पाहिले की मला संताप येतो. हॉटेल साधे घ्या, जेवण थाळीचे घ्या, पण त्या माणसाचे पैसे पूर्ण द्या.

आता मूळ प्रश्न. पहिला फटका साठ यार्ड जाणारा आणि दोनशे वीस यार्ड जाणारा यांना एका दिवशी, एका मैदानावर कसे खेळवायचे? माझे मत ठाम आहे: ज्या सहलीत कच्चा खेळाडू दहाव्या होलनंतर मनाने बाहेर पडतो, ती कितीही स्वस्तात झाली तरी महागच. त्याने अठरा होलचे पैसे भरलेले असतात.

म्हणून पहिल्या दिवशी मी स्पर्धा चौघांच्या संघाची ठेवते. चौघेही मारतात, त्यातला सर्वांत चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच मारायचा. संघ चिठ्ठ्या टाकून करायचे नाहीत. सोळा जणांची पक्क्याकडून कच्च्याकडे यादी करायची, तिचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातला एकेक माणूस प्रत्येक संघात द्यायचा. चांगले चांगले मित्र एकत्र खेळू मागतात. सहल आखणाऱ्याने तिथे नाही म्हणायला शिकले पाहिजे.

पहिला फटका मारायची जागा, म्हणजे टी, हीही प्रत्येकाला झेपेल तशी हवी. पुढच्या टीला लोक ‘बायकांची टी’ म्हणतात आणि पुरुष तिथे उभे राहायला लाजतात. या एका समजुतीने किती माणसांचा आनंद घालवला असेल! एक ठोकताळा आहे: पाच नंबरच्या आयर्नने तुमचा चेंडू साधारण जितके यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा, तेवढ्या लांबीचे मैदान तुमचे. १३० यार्ड जात असेल तर ४,६८० यार्डांचे. सहा हजार यार्डांच्या टीवरून खेळून तुम्ही स्वतःला आणि मागच्या चौघांना शिक्षा करता.

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक स्पर्धा, आणि ती स्टेबलफर्ड पद्धतीने. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरांची ही पद्धत १९३२ साली वॉलसी क्लबात रुजली. फटके मोजण्याऐवजी प्रत्येक होलला गुण मिळतात: आपल्या सवलतीचे, म्हणजे हँडिकॅपचे, फटके वजा करून पार (त्या होलसाठी ठरवलेले फटके) झाला तर २, एक जास्त लागला तर १, त्याहून जास्त तर शून्य. शून्य ठरले की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचे. एका वाईट होलने दिवस वाया जात नाही आणि खेळही रखडत नाही. २०१९च्या नियमांनी हरवलेला चेंडू शोधायची वेळ पाचावरून तीन मिनिटांवर आणली आहे. सहलीत ती कसोशीने पाळली तर चौघांची फेरी सव्वाचार-साडेचार तासांत होते.

आणि आता तो गुण.

निर्मळचे सर ३८ गुण मिळवून जिंकले. आमच्यातले सर्वांत पक्के खेळाडू ३७ वर राहिले. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ‘ताई, तुम्ही सगळ्यांना शंभर टक्के हँडिकॅप दिलात. पंच्याण्णव द्यायचा असतो. सरांना एक फटका फुकट मिळाला.’

हँडिकॅप म्हणजे सरासरी, असे शंभरातले नव्वद लोक समजतात. तसे नाही. २०२०पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ फेऱ्या धरतात. म्हणजे हँडिकॅप सांगतो तो तुमचा चांगला दिवस. तुमची सरासरी त्याहून काही फटके वाईटच असते. त्या आठ फेऱ्यांवरून निघालेला निर्देशांक मग मैदानाच्या अवघडपणाप्रमाणे बदलतो: त्याला मैदानाच्या ‘स्लोप’ने गुणायचे, ११३ने भागायचे आणि कोर्स रेटिंग व पार यांच्यातला फरक त्यात मिळवायचा. हिशेबाचा नमुना दाखवते. आकडे उदाहरणाचे आहेत, निकाल मात्र त्या दिवशी असाच लागला. समजा स्लोप १२५, रेटिंग ७०.५, पार ७२. निर्देशांक २४ असलेल्या सरांना २५ फटके मिळतात. निर्देशांक ८ असलेल्या त्या गृहस्थांना ७. आता दोघांचे पंच्याण्णव टक्के करा. सरांचे २४ होतात. त्या गृहस्थांचे ६.९८, म्हणजे पुन्हा ७च. कात्री लागली ती फक्त कच्च्याला.

ही कात्री नियमांत का आली, तेही सांगायला हवे, नाहीतर तक्रार करणाऱ्यावर अन्याय होईल. कच्च्या खेळाडूचा खेळ फार हेलकावतो. आज ७ गुणांनी वाईट, उद्या ७ गुणांनी चांगला. पक्क्याचा तेवढा हलत नाही. शंभर खेळाडूंच्या स्पर्धेत चाळीस-पन्नास कच्चे असले तर त्यातल्या कोणाचा तरी उत्तम दिवस असतोच, आणि पक्क्यांना कधी जिंकताच येत नाही. म्हणून वैयक्तिक स्पर्धेत ९५ टक्क्यांची शिफारस आहे. पण ती किमान तीस खेळाडूंच्या स्पर्धेचा विचार करून केलेली आहे. तिसापेक्षा कमी असतील तर १०० टक्के द्या, अशीही स्पष्ट शिफारस आहे. आम्ही सोळा होतो. निघण्याआधी छापील पत्रकात मी तसे लिहिले होते आणि ते सगळ्यांच्या हातात होते.

तरीही ते गृहस्थ आपलेच म्हणत राहिले. त्यांचा आक्षेप एका होलपुरता अगदी बरोबर होता. २५ फटके म्हणजे प्रत्येक होलला एक आणि अवघडपणाच्या क्रमवारीतल्या पहिल्या सात होलना आणखी एक. सातव्या क्रमांकाच्या होलवर सरांनी पार चार असताना सहा फटके घेतले. दोन वजा केल्यावर चार उरले, दोन गुण मिळाले. २४ धरले असते तर तिथे एकच गुण, दोघांची बरोबरी आणि शेवटच्या नऊ होलांची तुलना. त्यात सर थकलेले होते. ते हरले असते.

माझी शंका वेगळीच आहे. सरांचा निर्देशांक अवघ्या तीन फेऱ्यांच्या कार्डांवर निघाला होता. नियमाला तेवढी पुरतात: ५४ होलांची कार्डे असली की निर्देशांक मिळतो, आणि तीनच असताना सर्वांत चांगल्या फेरीतूनही आणखी दोन फटके कापून घेतात, म्हणजे नवख्याला सूट देण्याआधी नियम त्याच्याशी कडकच वागतो. पण तीन कार्डांत माणसाचा खेळ कितपत कळतो? सर झपाट्याने सुधारत होते. त्यांचा खरा निर्देशांक त्या दिवशी २२ असेल, कदाचित २१. हे मला मोजता येत नाही, कोणालाच येत नाही. इतकी वर्षे हे काम करूनही या ठिकाणी आले की माझे मन थांबते. निकाल मात्र मी बदलला नाही. खेळ सुरू होण्याआधी सांगितलेला नियम संध्याकाळी बदलणे याहून मोठा अन्याय सहलीत दुसरा नाही.

ज्यांच्याकडे एकही कार्ड नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी कंपन्यांच्या स्पर्धांत ‘डबल पिओरिया’ वापरतात: आयोजक गुपचूप बारा होल निवडतो आणि त्यांवरच्या फटक्यांवरून त्याच दिवशी हँडिकॅप काढतो. मला ती पद्धत पटत नाही. नेमक्या त्या बारा होलांवर कोणाचा चेंडू पाण्यात गेला यावर बक्षीस ठरते. एका दिवसाची करमणूक म्हणून चालेल. वर्षभर पैसे साठवून आलेल्या माणसासाठी चालणार नाही.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा बडोद्याला जातो आहोत, आणि ते गृहस्थही येणार आहेत. तुम्हीही आपल्या मित्रमंडळींची अशी सहल काढणार असाल तर गाडीची तिकिटे काढण्याआधी प्रत्येकाकडून रेटिंग झालेल्या मैदानावरची, सोबत खेळलेल्या माणसाची सही असलेली किमान तीन कार्डे मागून घ्या. नऊ होलांची असली तर सहा. ती मिळाली नाहीत तर वैयक्तिक बक्षीस ठेवू नका, दोन्ही दिवस चौघांच्या संघानेच खेळा.