बीम सांभाळताना

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ ही इलेक्ट्रॉनांची स्टोरेज रिंग चालवताना सगळ्यांत कसोटीची वेळ मला कायम इंजेक्शनची, म्हणजे रिंगमध्ये इलेक्ट्रॉन भरण्याची, वाटत आली आहे. पाहुण्यांना वाटतं, २.५ जीईव्हीला पोचलेला बीम आवरणं कठीण. प्रत्यक्षात त्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन भरपूर प्रकाश फेकतात आणि त्यातच त्यांचं डुलणं आपोआप शमतं. बूस्टर या आधीच्या रिंगमधून ते येतात ५५० एमईव्हीला. तिथे हे शमणं सुमारे ९० पटींनी मंद. करंट चढत जातो आणि मध्येच अडतो. नवे इलेक्ट्रॉन येतात तेवढेच जुने निसटतात.

दोष बाहेरचा नसतो. १७२ मीटरच्या त्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉनांचे बंच दोन-दोन नॅनोसेकंदांच्या अंतराने धावतात. पुढचा बंच आरएफ कॅव्हिटीत, म्हणजे बीमला ऊर्जा देणाऱ्या धातूच्या पोकळीत, आपलं क्षेत्र मागे ठेवून जातो, त्याने मागचा ढळतो, तो त्याच्या मागच्याला आणखी ढळवतो. सेकंदाला सतरा लाख फेऱ्या. वाढायला वेळ लागत नाही.

यावर उपाय म्हणून कॅव्हिटी थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान किंचित बदलायचं. धातू जरासा प्रसरण पावतो आणि नको असलेलं कंपन बीमच्या वारंवारितेपासून सरकतं. हा उपाय मला फार आवडतो, कारण तो मुळाशी जातो. उरलेलं काम फीडबॅकचं: प्रत्येक बंचचं ढळणं मोजायचं आणि पुढच्या फेऱ्यांत नेमक्या त्याच बंचला उलटा धक्का द्यायचा. एक फेरी ५७५ नॅनोसेकंदांची. हलता झोका थांबवताना हात अवेळी लागला तर झोका वाढतोच. इथेही जोरापेक्षा वेळ महत्त्वाची.

गांधीनगरच्या आदित्य टोकामॅकमध्येही, म्हणजे फ्युजन संशोधनासाठी तप्त प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणाऱ्या यंत्रातही, आपोआप वाढत जाणाऱ्या ढळण्याचं हेच दुखणं आहे. ज्या करंटमुळे प्लाझ्मा बंदिस्त राहतो, तोच त्याला वाकवतो, आणि मग काही मिलिसेकंदांत डिसरप्शन: प्लाझ्मा एकदम कोसळतो. फरक ऊर्जेचा. आमचा २०० मिलिअँपिअरचा बीम भिंतीवर गेला तर जेमतेम ३०० ज्यूल. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आयटर टोकामॅकच्या प्लाझ्मात शेकडो मेगाज्यूल असतील. म्हणून तिथे शेवटचा उपाय वेगळा: गोठवलेल्या हायड्रोजन-निऑनच्या गोळ्या फोडून त्यांचे तुकडे आत सोडायचे, म्हणजे उष्णता एका जागी न आदळता प्रकाशरूपाने सगळीकडे विखुरते. वाचत नसेल तर नीट विझवा, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो.

फ्युजनमध्ये जायचं म्हणणाऱ्या मुलांना मी आग्रहाने सांगतो: आधी एखाद्या स्टोरेज रिंगवर शिफ्ट करा. इथे गेलेला बीम पुन्हा भरता येतो. तेवढ्यात शिकून घ्या.