शेऱ्याच्या रकान्यात

गंगापूर रोड, नाशिक

चि. भाचीबाईस,

तुझे पत्र परवा पोहोचले आणि मी ते दोनदा वाचले. एकदा मामा म्हणून, आणि दुसऱ्यांदा सातपूरच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी या भारदस्त परंतु निरुपद्रवी हुद्द्यावर ज्याची उमेद सरली, अशा एका पेन्शनर माणसाच्या नजरेने. रात्रपाळीच्या एका बाईने ठेकेदाराच्या सुपरवायझरने आपल्यावर जबरदस्ती केल्याचे तुझ्यापाशी येऊन सांगितले, सांगतानाच ‘पोलिसांत नको, घरी कळेल’ असेही म्हटले, आणि तुझे मॅनेजरसाहेब तेवढाच धागा पकडून ‘बाईलाच नको, तर आपण कशाला?’ असे म्हणत मोकळे झाले, इतका मजकूर मला कळला. तिचे नाव तू मलाही कळवले नाहीस हे उत्तम केलेस. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने ते उघड करण्यास मनाई आहे, आणि मामा हा काही त्या कलमाला अपवाद नव्हे.

तू विचारतेस, पोलिसांना न कळवल्यास कंपनी गुन्हेगार ठरते काय? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि ते का नाही हे पाहण्याजोगे आहे. उद्या तुमच्या कारखान्यावर दरोडा पडला आणि तो ठाऊक असूनही कोणी पोलिसांना वर्दी दिली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे तेहतिसावे कलम त्याला जाब विचारू शकते. खून, दरोडा, घरफोडी अशी त्या कलमातील यादी बरीच लांब आहे, परंतु तीत बलात्कार नाही, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या एकोणचाळिसाव्या कलमातही तो नव्हता. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असती तर मात्र प्रश्नच उरला नसता. २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणे सर्वांनाच बंधनकारक केले आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या शाळेचे प्रकरण २०२४च्या ऑगस्टात उघडकीस आले, तेव्हा संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला तो याच तरतुदीखाली. घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीतही, तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावी असे २०१३चा तो कायदा सांगतो. कारखान्यातील सज्ञान बाईपाशी येताच मात्र तोच कायदा आवाज खाली आणतो: तिने फिर्याद देण्याचे ठरवले, तर मालकाने तिला साहाय्य करावे.

गंमत अशी की, १९९७च्या १३ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत ही नरमाई नव्हती. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारी ‘साथिन’, बालविवाह रोखण्याचे सरकारनेच सोपवलेले काम केल्याच्या रागातून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या त्या निकालात म्हटले होते की, वर्तन दंडसंहितेखालील अपराध होत असेल, तर मालकानेच योग्य त्या अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. सोळा वर्षांनी झालेल्या कायद्याने बाईची इच्छा मध्ये आणली. पुढच्याच उपखंडात मालकाने कारवाई सुरू करवावी असेही लिहिले, परंतु ते वाक्य असे काही गुंतवून ठेवले आहे की, बाईची इच्छा केवळ बाहेरच्या आरोपीपुरती विचारायची की सर्वच बाबतीत, यावर वकील मंडळी सुखाने भांडू शकतात. माझे मत विचारशील, तर बाईची इच्छा मध्ये आणली हे बरेच झाले. तिचे दुःख तिच्या हातातून काढून घेऊन ते परस्पर फौजदाराच्या टेबलावर ठेवण्याचा अधिकार मालकाला असावा, असे मला वाटत नाही. परंतु त्या इच्छेच्या आडोशाला मालकाने स्वतः लपून बसावे, हेही मला मान्य नाही, आणि तुझे साहेब नेमके तेच करू पाहत आहेत.

लपणे म्हणजे केवळ गप्प राहणे नव्हे, हे मला उशिरा कळले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग हिची हकीकत तू इच्छामरणाच्या खटल्यामुळे ऐकली असशील. परंतु त्या हकीकतीचा प्रारंभ आपल्या विषयाचा आहे. १९७३च्या २७ नोव्हेंबरला त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने तिच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे ती त्यानंतर जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली, आणि तेथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. फिर्याद झाली नाही असे नाही, झाली. परंतु ती जबरी चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची झाली. तिचा विवाह ठरलेला होता, आणि तिच्या लौकिकाला बाध येऊ नये म्हणून वरिष्ठांनी लैंगिक अत्याचाराचा उल्लेख टाळला, असे सांगतात. जो अत्याचार झाला तो त्या काळी बलात्काराच्या व्याख्येत बसत नसे, अनैसर्गिक कृत्याच्या कलमाखाली जाई; बलात्काराची व्याख्या २०१३ साली रुंदावली. पण तेही कलम कागदावर आले नाही, आणि आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. तिची अब्रू राखावी हा हेतू मी खोटा मानत नाही. मात्र जिला विचारायचे ती बोलू शकत नव्हती, आणि तिच्या वतीने जे मौन पाळले गेले त्याचा लाभ तिला काडीचाही झाला नाही.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाल्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने १६ ऑगस्ट २०२४ रोजी फर्मावले की, कामावरील आरोग्यकर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवावा. अरुणाच्या प्रकरणानंतर जवळजवळ एक्कावन्न वर्षांनी का होईना, घड्याळ लावले गेले. कारखान्यांच्या भिंतीवर ते अजून यायचे आहे.

आता माझे सांगतो, जे तुझ्या मामीलाही पुरते ठाऊक नाही. आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात पेठ तालुक्यातली एक ठेक्यावरची बाई होती. एका सकाळी ती फाटलेल्या बाहीने माझ्यासमोर उभी राहिली आणि मुकादमाचे नाव घेऊन रडू लागली. साहेबांनी मला आत बोलावून ‘आपसांत मिटवा’ एवढेच सांगितले. मी नोंदवहीत तारीख घातली, खाते लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिले: ‘किरकोळ बाचाबाची, समज दिली.’ ते वाचून दाखवण्याचीही तसदी न घेता मी वही तिच्यापुढे सरकवली. तिने अंगठा उमटवला. आठवड्याने ती हिशेब घेऊन गेली.

म्हणून तुला सांगतो ते ऐक. मॅनेजरसाहेबांना बाहेर ठेवून तिच्याशी एकटीने बोल, आणि कारखान्याच्या अंतर्गत समितीकडे जाणे व पोलिसांकडे जाणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीने दुसरी बंद होत नाही, हे तिला समजावून सांग. समितीकडे लेखी तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. लिहिता येत नसेल तर लिहून देण्याचे साहाय्य समितीनेच करायचे आहे, आणि चौकशी चालू असता तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. कोणत्याही रुग्णालयात तिच्यावर विनामूल्य उपचार झालेच पाहिजेत, पण रुग्णालयाला मात्र पोलिसांना कळवावेच लागते. हे तिला आधी सांग, म्हणजे दारात शिपाई पाहून तिला फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही. कोणी ‘मांडवली’चा शब्द काढला, तर तडजोड केवळ तिच्याच विनंतीवरून होते आणि पैसा हा तडजोडीचा आधार असू शकत नाही, असे ठणकावून सांग. सुपरवायझर ठेकेदाराचा आहे, आमचा नाही, हे साहेबांचे म्हणणे टिकणारे नाही. कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही कर्मचारीच.

आणि तिची जबानी तिच्याच शब्दांत उतरव, तिला वाचून दाखव, एक प्रत तिच्या हातात दे. आज नको म्हणणारी बाई दोन महिन्यांनी सरकारवाड्याच्या किंवा अंबडच्या पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहू शकेल, आणि त्या दिवशी फौजदार तुझेच दफ्तर मागवील. फाटकावरच्या कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते म्हणतात. ते आणि त्या रात्रीच्या हजेरीपटाचे पान आजच्या आज काढून सीलबंद करून ठेव. पत्राच्या उत्तराची घाई नाही, ते काम आधी कर.

तुझा,
मामा