आज रात्री साडेनऊला

‘प्रिय ग्राहक, आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, कारण तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. त्वरित आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर. मोडक्यातोडक्या इंग्रजीतला हा मेसेज गेल्या काही वर्षांत इतक्या जणांच्या फोनवर येऊन गेला, की महावितरणला त्याविरुद्ध वारंवार जाहीर आवाहन करावं लागलं. आमच्या साताऱ्यातल्या कॉलनीतही तो बऱ्याच जणांना आला. बहुतेकांनी पुसून टाकला. बाईंनी त्या नंबरवर फोन लावला.

बाई म्हणजे आमच्याकडच्या निवृत्त शिक्षिका. लाइट बिल, पाणीपट्टी, घरपट्टी यांच्या पावत्या तारेत ओवून ठेवण्याची त्यांची जुनी पद्धत. मुलानं मोबाइलवरून बिल भरायला शिकवलं, तेव्हापासून त्या पावतीची प्रिंट काढून आणतात आणि तीही तारेत ओवतात. आयुष्यात एकदाही उशिराचा दंड भरलेला नाही, असं त्या अभिमानानं सांगतात, आणि ते खरं आहे.

मग त्यांनीच का फोन लावला? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. उत्तर त्या मेसेजमध्येच आहे. ‘तुम्ही बिल भरलेलं नाही’ असं तो म्हणतच नाही. तसं म्हटलं असतं तर बाई तारेकडे बोट दाखवून गप्प बसल्या असत्या. तो म्हणतो, बिल ‘अपडेट’ झालेलं नाही. म्हणजे भरलंत तुम्ही, पण आमच्याकडे नोंद नाही. ज्यानं बिल वेळेवर भरलंय, त्याच्याच मनात हे वाक्य कालवाकालव करतं. थकबाकीदार म्हणतो, तोडतील तेव्हा बघू. चोख माणूस मात्र चूक दुरुस्त करून घ्यायला धावतो. वेळही बघा. साडेनऊला कचेरी बंद असते, वायरमन घरी गेलेला असतो, मुलगा दुसऱ्या गावी असतो. विचारायला उरतो तो एकच नंबर, मेसेजखालचा.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलला. ‘मॅडम, तुमचं पेमेंट दिसतंय, फक्त सिस्टीममध्ये चढलेलं नाही. मी एक ॲप सांगतो, ते घ्या आणि दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल.’ ते ॲप होतं एकाच्या फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं. दूर बसून संगणक दुरुस्त करणारे लोक अशी ॲप रोज वापरतात, त्यात बेकायदा काही नाही. बाईंनी दहा रुपये भरण्यासाठी कार्डाचे आकडे टाकले, ते त्याला दिसले. पाठोपाठ ओटीपी आला, तोही दिसला. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे बाईंना पाठ होतं, आणि त्यांनी तो खरोखरच कोणाला सांगितला नाही. दोन महिन्यांची पेन्शन गेली.

अशा फसवणुकीबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: लोभ नडला. कधीकाळी त्यात तथ्य असेल. पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे मेसेज येत, तेव्हा न काढलेल्या तिकिटाचं बक्षीस घ्यायला जाणाऱ्याला तसं म्हणता येत होतं. आजचे मेसेज वाचून पाहा. तुमच्या पार्सलचा पत्ता अपुरा आहे, चोवीस तासांत भरा. तुमच्या गाडीवर चलान आहे. केवायसी झालं नाही, खातं बंद होईल. यात लोभाला जागा कुठे आहे? हे सगळं नियम पाळणाऱ्या, नावाला बट्टा लागू नये म्हणून जपणाऱ्या माणसाला पकडण्यासाठी लिहिलेलं आहे. गळाला लावलेलं आमिष इथे आपला चांगुलपणा असतो. म्हणून मला या चोरीची चीड इतर चोऱ्यांपेक्षा जास्त येते.

आणि भीतीची ही भाषा ठगांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. खऱ्या संस्थांनीही ग्राहकाशी वर्षानुवर्षं याच सुरात बोलून त्यांच्यासाठी वाट करून ठेवली. ‘अंतिम सूचना’, ‘अन्यथा सेवा खंडित’, ‘त्वरित संपर्क साधा’. माझ्या स्वतःच्या बँकेकडून, म्हणजे खऱ्या बँकेकडून, आखूड केलेल्या लिंका येत असत, ज्यांच्यावर बँकेचं नावही दिसत नसे. फोन करून ‘खात्री करण्यासाठी’ जन्मतारीख विचारत. लोकांना अनोळखी लिंक दाबायची आणि अनोळखी आवाजाला माहिती द्यायची सवय लावायची, आणि फसले की सावधगिरीचं पत्रक त्यांच्याच हातात द्यायचं, हे न्यायाचं नाही.

त्याच वेळी जे सांगायला हवं, ते ठळकपणे कोणी सांगत नाही. वीज कायदा, २००३ याचं कलम ५६ म्हणतं, की बिल थकलेलं असलं तरी पुरवठा तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि आज रात्री अंधार, असं कायद्यानं होऊच शकत नाही. बाईंना हे कलम ठाऊक असतं तर त्या शांतपणे जेवायला बसल्या असत्या. ते लाइट बिलावर मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत आहे?

सरकारी बाजूला काहीच झालं नाही असं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१८च्या नियमांनी व्यापारी मेसेज पाठवणाऱ्यांना आपलं नाव आणि मजकुराचे नमुने नोंदवणं बंधनकारक केलं. ऑक्टोबर २०२४पासून अशा मेसेजमध्ये आधी नोंदवलेल्याच लिंका चालतात. २०२५पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘.बँक.इन’ या शेवटाचे पत्ते घ्यायला लावले, तेही उत्तम झालं. लिंक वाचताना सुरुवातीच्या नावाला भुलायचं नाही. दोन तिरप्या रेघांनंतर पुढे पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहायचं. बँकेचं नाव आधी कुठेही घुसडता येतं, त्या जागी येत नाही.

पण एक दार बंद झालं की ठग दुसऱ्या दारानं येतात. हल्ली चलानाचा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि सोबत ‘एपीके’ फाइल असते. ते चलान नसतं, ॲप असतं. ते फोनमध्ये बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी परस्पर पुढे जातात. लग्नपत्रिकेच्या नावानंही अशा फाइली फिरल्या. अनोळखी दहा आकडी नंबरवरून बिल, बँक किंवा चलानाचं काहीही आलं, तर ते खोटं धरूनच चालावं.

बाईंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मुलालासुद्धा. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या तरुणानं तक्रार ऐकली आणि विचारलं, ‘तुम्ही तर शिक्षिका होतात ना?’ बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. ज्या प्रश्नाच्या भीतीनं त्या दोन दिवस गप्प राहिल्या होत्या, तो त्यांना शेवटी ऐकावाच लागला.

त्या दोन दिवसांनी नुकसान केलं. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ते भाड्यानं घेतलेल्या खात्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी फिरवले जातात आणि एटीएममधून काढले जातात. सायबर फसवणुकीसाठी केंद्र सरकारचा १९३० हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवलं जातं आणि वाटेत असलेली रक्कम गोठवता येते. ती वाटेत असेल तर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते. म्हणजे पहिल्या तासातला फोन आणि तिसऱ्या दिवशीचा अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक बहुतेक वेळा लाजेमुळे पडतो.

तेव्हा एक कळकळीची विनंती. तुमच्या घरात आई, मामा, शेजारच्या काकू, कोणीही ‘माझे पैसे गेले’ असं म्हणत आले, तर ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न विचारू नका. त्यांच्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि तुमच्या फोनवरून आधी १९३० लावा, मग बँकेला.