चिट यवनाचे जेवणघर

सिसिली, क्रीट, सायप्रस ही भूमध्य समुद्रातली बेटे पाहण्याची मला भारी हौस; पण खिसा आंबेगाव तालुक्यातल्या माझ्या गावाहून जुन्नरच्या एस. टी.पुरताच! तेव्हा शिवनेरी गाठला. १६३० साली शिवराय जन्मले ती जागा पाहून मंडळी उतरू लागली. मी कड्यातल्या लेण्यांकडे वळलो.

तिथे एक भोजनमंडप आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख सांगतो, हे चिट नावाच्या यवनाने संघाला दिलेले दान. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी दिली. कल्याण-सोपाऱ्याचा माल तेव्हा नाणेघाट चढून इथे येई आणि त्या व्यापाराचे दुसरे टोक भूमध्य समुद्रात होते. चिट तिकडच्या एखाद्या बेटावरून आला की इकडेच वाढला, लेख सांगत नाही. त्याने भिक्षूंच्या जेवणाची सोय केली, एवढेच सांगतो.

बाहेर पडताना भिंतीवर कोणा प्रवाशाने कोळशाने लिहिलेले नाव दिसले. नाव मागे ठेवण्याची हौस दोघांनाही. पण चिटाने आधी पंगतीची सोय केली, मग नाव कोरले.